रोज एक वाक्य

"मी इथे बाटल्या धुते," साहेब आरशात पाहून म्हणाले. मग त्यांनी मिशी नीट केली आणि जरा खालच्या पट्टीत पुन्हा म्हणाले, "मी इथे बाटल्या धुते."

साहेब पाणी तपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि त्यांनी आयुष्यात एकही बाटली धुतली नव्हती. हे वाक्य ते इथल्या भाषेत म्हणत होते. त्या भाषेतले त्यांचे हे पहिले वाक्य, आणि साडेदहा वाजता भाषेची परीक्षा घ्यायला अधिकारी बाई येणार होत्या.

गावाची भाषा एक आणि प्रयोगशाळेची दुसरी, अशी तिथली वर्षानुवर्षांची परिस्थिती होती. लोक पाण्याचे नमुने घेऊन खिडकीशी यायचे आणि पोटतिडकीने काहीतरी सांगायचे. खिडकीच्या आतून हेडक्लार्क मान डोलवायचा आणि पावती फाडायचा. पाणी कधीपासून पिवळे येते, कोणाला काय त्रास झाला, हे सगळे पावतीच्या पलीकडेच राहायचे. शेवटी कोणीतरी वर लिहिले आणि मुख्यालयाचा हुकूम आला. सर्वांनी तीन महिन्यांत इथली भाषा शिकावी. जे पास होतील त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सगळा पत्रव्यवहार त्याच भाषेत करावा. जे प्रोबेशनवर असून नापास होतील, त्यांना सेवेतून मोकळे करण्यात येईल. परीक्षा चालू असताना जो दुसऱ्या भाषेत एक वाक्यही बोलेल, तो तिथल्या तिथे नापास.

प्रोबेशनवर एकच जण होती, धाकटी केमिस्ट. तिला नोकरीला लागून अकरा महिने झाले होते आणि तिच्या वडिलांनी ती कायम झाल्याचे सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकले होते. एका काकांनी तर फोनवर तिचे अभिनंदन केले होते आणि तिने ते घेतलेही होते. आता नापास होणे म्हणजे नुसती नोकरी जाणे नव्हते, बापाला चारचौघांत खोटे पाडणे होते.

हुकमात शिकण्याबद्दल लिहिले होते, शिकवणार कोण याबद्दल नव्हते. प्रयोगशाळेत माणसे पाच. साहेब, हेडक्लार्क, गावोगावचे नमुने आणणारा ड्रायव्हर, धाकटी केमिस्ट आणि मागच्या खोलीत बाटल्या धुणाऱ्या मावशी. पाचांपैकी इथल्या फक्त मावशी. साहेबांनी त्यांना बोलावून घेतले तेव्हा त्या हात पदराला पुसत आल्या आणि काय काम आहे ते ऐकून घाबरल्या. आपण चार इयत्ता शिकलोय, आपल्याला शिकवायला कुठलं येतंय, असे त्यांचे म्हणणे होते.

"शिकवू नका हो," साहेब म्हणाले. "रोज एक वाक्य फळ्यावर लिहायचं, अर्थ सांगायचा, आमच्याकडून म्हणवून घ्यायचं. एवढं तर जमेल?"

"कसलं वाक्य, साहेब?"

"कसलं का असेना. तुम्हाला लिहिता येतं ते लिहा."

मावशींनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुबक अक्षरात पहिले वाक्य लिहिले. मी इथे बाटल्या धुते.

धाकटीला ही पद्धत फार आवडली. तिने प्रत्येक वाक्यासाठी एक कार्ड केले. समोर वाक्य, मागे अर्थ, कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख. आठवड्यातले चार दिवस वर्ग भरे, कारण पाचव्या दिवशी नमुन्यांची गर्दी असे. तेरा आठवड्यांत बावन्न कार्डे झाली. ती कार्डे ती रोज पत्त्यांसारखी पिसायची आणि मगच पाठ करायची. ओळीने पाठ केले तर आपण क्रम लक्षात ठेवतो, भाषा नाही, असे तिचे शास्त्र होते. या शास्त्रापायी पुढचा सगळा अनर्थ झाला हे तिला नंतर कळले.

वाक्ये अगदी साधी होती. पाणी थंड आहे, हे माझे हात आहेत, खिडकी उघडत नाही. भाषेच्या पुस्तकात मांजर टेबलावर बसते तेव्हा ते तिथे का बसले असे कोणी विचारत नाही, तसे इथेही कोणी विचारले नाही. ज्या दिवशी फळ्यावर 'साहेब हो म्हणाले' असे आले त्या दिवशी साहेब खूश झाले, कारण धड्यात आपला उल्लेख आहे. 'अर्ज हेडक्लार्कांनी कपाटात ठेवला' हे आले तेव्हा हेडक्लार्कने ते दोनदा म्हणून दाखवले. एक वाक्य तर मावशींनी सहा वेळा वेगवेगळ्या दिवशी लिहिले. धाकटीने त्याच्या कार्डांवर 'उजळणी' अशी नोंद केली आणि मावशींना उपजतच शिकवता येते असे तिचे मत झाले. मावशी मात्र वर्ग संपला की रोज क्षणभर फळ्यापाशी थांबायच्या, सगळ्यांच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग मागच्या खोलीत निघून जायच्या. शिक्षकाला विद्यार्थ्यांची काळजी असतेच, असे धाकटीला वाटायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पत्र आले की 'सामूहिक संभाषण' तपासले जाईल. साहेबांनी त्याचा अर्थ लावला. संभाषण म्हणजे एकाने बोलायचे, मग दुसऱ्याने. तेव्हा चौघांनी ओळीत उभे राहून एकेक वाक्य म्हणावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येकी तेरा. धाकटीने सकाळी कार्डे पहिल्यांदाच क्रमाने लावली आणि चार गड्ड्या केल्या. वाटताना तिने क्रमांक तेवढे पाहिले. ड्रायव्हरच्या वाट्याला ते सहा वेळा आलेले वाक्य सहाच्या सहा वेळा आले. तो म्हणाला, "देव पावला, आठच पाठ करायची."

बाई ठरल्या वेळेला आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, खांद्याला भली मोठी पिशवी. भाषा खात्यातल्या होत्या आणि ते खाते कशासाठी काढले होते ते त्यांच्या पिशवीवरच छापले होते, पण ते कोणालाच वाचता आले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले, परीक्षा सुरू झाल्याची खूण म्हणून टेबलावर पेन्सिल आपटली आणि इथल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. ते बहुधा 'बोला' असावे.

साहेब बोलले. "मी इथे बाटल्या धुते."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्या मिशीकडे पाहिले.

"मला अठरा वर्षे झाली," हेडक्लार्क म्हणाला.

"नळाचे पाणी थंड आहे," ड्रायव्हर.

"हिवाळ्यात हात बधिर होतात," धाकटी.

"हे माझे हात आहेत," साहेब म्हणाले आणि मावशींनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पुढे केले.

"हातांना भेगा पडल्या आहेत."

"बाटल्यांत आम्ल असते."

"आम्लाने कातडी जाते," धाकटी म्हणाली, आणि तिने हातातल्या कार्डाकडे पुन्हा पाहिले. हेच वाक्य तिने शंभर वेळा म्हटले असेल. पण दर वेळी ते 'खिडकी उघडत नाही' आणि 'मी पुन्हा मागितले' यांच्यामध्ये कुठेतरी येई. आज पहिल्यांदाच ते आपल्या जागी आले होते.

"मी हातमोजे मागितले," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले.

"साहेब हो म्हणाले," हेडक्लार्क.

"हातमोजे आले नाहीत," ड्रायव्हर.

"मी पुन्हा मागितले," धाकटीच्या तोंडून निघाले.

"साहेब बदलले," साहेब म्हणाले.

"नवे साहेबही हो म्हणाले."

"हातमोजे आले नाहीत."

हे पुढे चालूच राहिले. साहेब पाच वेळा बदलले आणि ते प्रत्येक वेळी साहेबांनीच जाहीर केले. ड्रायव्हर प्रत्येक खेपेला आपल्या एकमेव आवडत्या वाक्याने समेवर येत होता. अर्ज हेडक्लार्कांनी कपाटात ठेवल्याचे हेडक्लार्कने छाती पुढे काढून सांगितले. धाकटीला आता प्रत्येक पुढचे वाक्य यायच्या आधीच दिसत होते, पण थांबवायचे कसे? थांबवण्यासाठी लागणारे वाक्य त्या बावन्नांत नव्हते आणि आपल्या भाषेत तोंड उघडले की नोकरी संपली. बावन्नावे वाक्य तिचेच होते. ते ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मी उत्तराची वाट पाहत आहे."

मागच्या खोलीतून नळाची धार ऐकू येत होती. बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि पिशवीतून पेन काढले. मग त्यांनी साहेबांना एक लांबलचक प्रश्न विचारला. साहेबांना त्यातला 'हात' हा एक शब्द ओळखीचा वाटला. त्यांनी पुन्हा दोन्ही हात पुढे केले.

"हे माझे हात आहेत."

बाईंनी ते गुबगुबीत, स्वच्छ हात बराच वेळ न्याहाळले. मग त्या उठल्या आणि नळाच्या आवाजाच्या दिशेने मागच्या खोलीत गेल्या. चौघे त्यांच्या मागे.

मावशी बेसिनपाशी उभ्या होत्या. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. धाकटी दोन पावलांवर होती. अकरा महिने या हातांनी धुतलेल्या बाटल्या ती वापरत होती. बाटलीला पुसटसा डाग दिसला तरी ती परत पाठवायची, कारण तिचा निकाल दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत बरोबर यायला हवा असे. ते हात तिने आज पाहिले. बोटांची टोके पांढरी पडून सोलली होती, सांध्यांवर चिरा होत्या आणि एका नखाची जागा नुसतीच होती. तिला धक्का बसला तो हात पाहून नाही. रोज सकाळी दहाला हेच हात खडू धरून तिच्या डोळ्यांसमोर फळ्यावर फिरत होते आणि ती अक्षरे टिपून घेत होती, म्हणून बसला.

बाई आणि मावशी बोलू लागल्या. भरभर, एकमेकींचे वाक्य तोडत. चौघांना त्यातले ओळखीचे शब्द मधूनच ऐकू येत होते, साहेब, खिडकी, अर्ज, पुन्हा साहेब. साहेब प्रत्येक वेळी आदबीने मान लववत होते. परीक्षा चांगली चालली आहे असा त्यांचा समज अजून शाबूत होता.

बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढला, उभ्या उभ्या भरला आणि साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो हजेरीपत्रक समजून सही ठोकली. ड्रायव्हरने केली. हेडक्लार्कने सही केलीच, वर शिक्काही मारला. न कळणाऱ्या कागदावर शिक्का मारण्यात त्याचा हातखंडा होता. मग कागद धाकटीसमोर आला.

तिने तो वाचायचा प्रयत्न केला. दहा-बारा शब्दांपलीकडे गाडी जाईना. बाईंनी पेन पुढे केले. धाकटीला काका आठवले, वडील आठवले, वडिलांनी ज्यांना ज्यांना सांगितले होते ते सगळे आठवले. मग ती आपल्या भाषेत म्हणाली, "मॅडम, यात काय लिहिलंय ते मला कळत नाही. कळल्याशिवाय मी सही नाही करणार. आम्ही सगळं नुसतं पाठ केलंय. बावन्नच वाक्यं येतात आम्हाला."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी टिपणवहीत तिच्या नावापुढे शांतपणे फुली मारली. मग त्याही तिच्या भाषेत बोलल्या.

"हे संयुक्त तक्रारीचं निवेदन आहे. इथल्या भाषेत कोणी तक्रार सांगितली आणि ती आमच्या कानावर आली, तर नोंदवून घेणं हे आमच्या खात्याचं कामच आहे. तुमच्या साहेबांनी तक्रार केलीय, साहेबांविरुद्ध. हेडक्लार्कनी हेडक्लार्कविरुद्ध. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी असं ऑफिस पाहिलं नाही."

साहेबांचे डोळे उघडले आणि तसेच उघडे राहिले. चेहऱ्यावरचा रंग कानापासून उतरत गेला. त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आपल्या भाषेत बोलावे तर फुली. इथल्या भाषेत बोलावे तर शिल्लक किती? त्यांनी बावन्न वाक्यांतून घाईघाईने त्यातल्या त्यात सभ्य वाटले ते निवडले.

"साहेब हो म्हणाले."

बाईंनी तेही लिहून घेतले.

धाकटीने कागद परत मागितला, बाईंकडून त्याचा ओळीओळीने अर्थ समजून घेतला आणि सही केली. नापास तर ती झालीच होती.

बाई गेल्यावर साहेब स्टुलावर बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिले, तपासलेले. ते प्याल्यावर त्यांनी मावशींना एवढेच विचारले की हे असे का केले. रागावण्याइतके त्राण त्यांच्यात नव्हते. मावशींचा चेहरा त्यांच्याहून गोंधळलेला होता. त्यांनी सांगितले ते असे. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या मास्तरणीकडून त्यांनी तो अर्ज लिहून घेतला. दर वर्षी नवे घडलेले तिच्याकडूनच जोडून घेऊन त्या तो स्वतःच्या हाताने उतरवत आणि हेडक्लार्ककडे देत, सहाव्यांदा हातमोजे न आल्याचे गेल्या वर्षी जोडले. आयुष्यात त्यांनी दुसरे काही लिहिलेलेच नव्हते. साहेब म्हणाले, लिहिता येते ते लिहा. त्यांनी लिहिले.

"पण मावशी, आम्हाला सांगायचं तरी," धाकटी म्हणाली.

"रोज सांगत होते की, ताई. अर्थासकट." मावशी एकेकाकडे बघत होत्या. "मला वाटलं, तुम्हाला कळतंय. साहेब तर किती मोठ्यानं म्हणायचे. म्हणून मी थांबायची फळ्यापाशी, आता कुणी काही बोलेल. सगळे रोज म्हणतात हातमोजे आले नाहीत, आणि आणत कुणीच नाही. मी म्हटलं, शिकलेल्या लोकांचं असंच असत असेल."

ड्रायव्हर गाडीची किल्ली घेऊन उठला आणि दुकानाकडे गेला. त्याने घाईत स्वतःच्या मापाचे हातमोजे आणले. मावशींच्या हातात ते कोपरापर्यंत गेले आणि पहिल्याच दिवशी दोन बाटल्या निसटून फुटल्या. त्या बाटल्यांबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मापाचे आले.

निकालाचे पत्र तीन आठवड्यांनी आले, अर्थातच इथल्या भाषेत. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले आणि मावशींना बोलावले. मावशी हातमोजे काढून वाचायला बसल्या. धाकटीने आपल्या टेबलाचा खण आधीच रिकामा करून ठेवला होता. वडिलांना काय सांगायचे याचे तीन मसुदे तिच्याकडे तयार होते आणि तिन्ही वाईट होते.

साहेब, हेडक्लार्क आणि ड्रायव्हर पास होते. साहेबांना 'उत्तम' असा शेरा होता. भावना ओतून बोलतात, असे खाली लिहिले होते. साहेब उभे राहिले, पण पुढचे ऐकून पुन्हा बसले. पास झालेल्यांनी उद्यापासून सर्व पत्रव्यवहार इथल्या भाषेत करावा. त्याची सुरुवात म्हणून प्रयोगशाळा प्रमुखांनी स्वतःविरुद्धच्या तक्रारीला सविस्तर लेखी उत्तर द्यावे. उमेदवार उत्तम श्रेणीत असल्याने दुभाषी मिळणार नाही.

"आणि माझं?" धाकटीने विचारले.

"तुम्ही नापास, ताई," मावशी म्हणाल्या आणि बोट ठेवून पुढे वाचत राहिल्या. वाचता वाचता त्या थांबल्या, तीच ओळ पुन्हा वाचली. नापास उमेदवाराला सेवेतून मोकळे करायला हवे. परंतु ही उमेदवार तक्रारदार आहे आणि तक्रार निकाली निघेपर्यंत कोणत्याही तक्रारदाराला कामावरून काढता येत नाही. तक्रार निकाली निघेल प्रमुखांचे उत्तर मिळाल्यावर. तोवर उमेदवाराने भाषा शिकून पुन्हा परीक्षेला बसावे.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी नवा कोरा कागद समोर ओढला होता. पेनचे टोपण काढले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण पेन कागदापर्यंत पोचत नव्हते. ते तसेच पावणेबारापर्यंत बसले. मग त्यांनी टोपण लावले.

धाकटीने मनाशी हिशेब केला. साहेबांचा वेग पाहता तिच्या हाताशी निदान वर्ष होते. तिने खणात सगळे सामान परत ठेवले, वडिलांना फोन करून सगळे ठीक असल्याचे सांगितले आणि ते खरे निघाले याचे तिलाच नवल वाटले.

मग ती मागच्या खोलीत गेली. मला खरोखर शिकवा, असे मावशींना म्हणाली. मावशींनी हात हलवला. लिहायला आपल्याला एवढाच अर्ज येतो, दुसरे काही येत नाही, असे त्यांनी साफ सांगितले.

"लिहायचं नाही. बोलायचं."

"काय बोलायचंय तुम्हाला?"

हा प्रश्न तीन महिन्यांत कोणी कोणाला विचारला नव्हता. धाकटीने विचार केला. "तुम्हाला आणखी काय हवंय, ते विचारायचंय."

मावशींनी तिला तो प्रश्न इथल्या भाषेत सांगितला. तिने तो तसाच त्यांना परत विचारला. मावशी हसल्या, आणि मग सांगू लागल्या. त्यांनी हातमोज्यांची दुसरी जोडी तिच्याकडे सरकवली आणि सांगत सांगतच बाटल्यांची अर्धी टोपली तिच्यापुढे ढकलली. खिडकीबद्दल काहीतरी होते. बहुधा लेकीबद्दल होते. एका गोष्टीवर मावशी स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना नळ बंद करावा लागला. धाकटीला फारसे काही कळले नाही, पण तिने एकदाही अर्थ विचारला नाही आणि काही लिहूनही घेतले नाही. तिचे हात साबणाच्या पाण्यात होते.